तीन मिनिटं

नियम एका मिनिटाचा आहे.
दार उघडायचं, साठ मोजायचे, दार लावायचं, पुढं.
उत्तर ओंटारियोत, उणे एकतीसला,
एक मिनिट पुष्कळ झालं असं ऑफिसातल्यांना वाटतं.
त्यांच्या खोलीत हीटर असतो.

खडीचा रस्ता संपतो तिथं कोल्टन राहतो.
त्याच्यासाठी मी तीन मिनिटं थांबते.
चार वर्षं झाली, कुणाला बोलले नाही.
मागची पोरं जांभया देतात, चालवून घेतात.

पहिल्या वर्षी तो बहिणीचा हात धरून यायचा.
हातमोजे तिच्या हातांत, दोन्ही.
दुसऱ्या वर्षी तिला मावशी थंडर बेला घेऊन गेली.
तिसऱ्या वर्षी दारात पोलिसांची गाडी, दोनदा.
मग त्याच्या जाकिटाला तो वास यायला लागला,
ओली गंजी आतल्या आत धुमसावी तसा.
गांजा आमच्याकडे दुकानात मिळतो,
एकोणीस पुरी असली तर.
कोल्टन पंधराचा.

मी पोलीस नाही, आई नाही.
माझ्याकडे ब वर्गाचा परवाना आहे
आणि थर्मासमध्ये कॉफी.

फेब्रुवारीत शाळेत नर्सबाई आल्या.
एक कागद, दहा प्रश्न, नाव लिहायचं नाही.
घरात कुणी मारतं का. कुणी तुरुंगात गेलंय का.
पोटभर जेवण नाही असं झालंय का.
प्रत्येक ‘हो’ला एक.
संध्याकाळी तो माझ्यामागच्या बाकावर बसला.
“दहापैकी सात,” म्हणाला,
“गणितात कधी इतके पडले नाहीत.”
मी हसले. हसायला नको होतं.
आरशात बघितलं तर तोही हसत होता.
ते हसू घशात अडकलं
ते पुढचे वीस किलोमीटर तसंच.

मार्चमध्ये एक दिवस आलाच नाही.
तीन मिनिटं. चार. सहा.
हॉर्न दिला. चिमणीतून धूर नव्हता.
मोठ्या ओडेटला म्हटलं, कुणाला उठू देऊ नकोस,
किल्ली खिशात टाकली आणि उतरले.
बस सोडायची नाही हाही नियमच.

लाकडांच्या शेडमागं बसलेला,
बापाचे बूट पायांत,
बोटांत विझत आलेली,
एक डोळा मिटलेला, सुजून.
बोलायचं ते मी वाटेत जुळवलं होतं:
फुप्फुसं, मेंदू, परीक्षा, आयुष्य.
तोंडातून निघालं, “उशीर झाला तर माझा पगार कापतात.”
खोटं होतं.
त्यानं थोटूक चिमटीत विझवलं, डबीत ठेवलं.
“तू खाली उतरलीस?” म्हणाला.
जणू बसला पाय फुटले होते.

डोळ्याचं मी शाळेत सांगितलं, त्याच दुपारी.
डबीचं नाही.
बरोबर केलं की चूक, अजून ठरत नाही.
पुढचं सगळं फायलीत आहे,
फाईल मला दाखवत नाहीत.
आठवडाभर तो अगदी मागं बसला, एक शब्द नाही.

एप्रिलात परत पुढं आला, आपणहून.
“त्या कागदाला मागची बाजूपण होती,” म्हणाला.
“काय होतं?”
“तू आला नाहीस तर कुणाच्या लक्षात येईल.
आई, वडील, शिक्षक, इतर.
इतरपुढं रेघ होती.”
“मग काय लिहिलंस?”
“चौदा.”

चौदा माझ्या बसचा नंबर.
नाव त्याला ठाऊकच नव्हतं.
वर्ना, मी म्हटलं, वर्ना कोस्केला.
त्यानं मान हलवली.
हाक अजून चौदा म्हणूनच मारतो.

वास येतो अजून.
सोमवारी जास्त, शुक्रवारी कधी कधी नाही.
मी खिडकी बोटभर उघडते,
थंडी आत येते, कुणीतरी करवादतं.

काल ऑफिसातून पत्र आलं:
चौदा नंबर रोज दोन मिनिटं उशिरा, कारण कळवावे.
कारणाचा रकाना लहान आहे.
मी लिहिलं, रस्त्यावर बर्फ.

जूनमध्येही तेच लिहीन.